गाणं बाजूला ठेवून

मराठी रसिकाला गाणारा नट नवा नाही. बालगंधर्वांपासून ते 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेब उभे करणाऱ्या वसंतराव देशपांड्यांपर्यंत आपल्या रंगभूमीनं गायकाला बोलावलं ते गाण्यासाठीच. पद आलं की प्रसंग थांबायचा, वन्समोअर मिळाला की आणखी थांबायचा, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची. अमेरिकेच्या टीव्हीवर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे गायक नट म्हणून स्थिरावले, त्यांच्यापुढची अट बरोबर उलटी होती. नाव आणा, चेहरा आणा, चाहते आणा. गाणं मात्र बाहेर ठेवून या. फार तर शीर्षकगीत तुमच्या आवाजात करू.

या अटीमुळेच हा विषय मला सोडत नाही. ज्याची सगळी ओळख गळ्यावर उभी आहे, त्याच्याकडून गाणं काढून घेतलं तर त्याच्यापाशी काय उरतं? या मंडळींच्या रेकॉर्डी आणि मालिका आलटून पालटून ऐकत-पाहत गेलो तेव्हा दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली म्हणजे लय. वाक्य कुठं सोडायचं, समोरच्याच्या वाक्याला किती जागा द्यायची, याची जाण गायकाच्या अंगात आधीच मुरलेली असते. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. चांगला गायक वर्षानुवर्षं आपल्या रेकॉर्डींमधून एक माणूस घडवत असतो. तो माणूस श्रोत्यांच्या ओळखीचा होतो, त्याचा स्वभाव त्यांना पाठ होतो. टीव्हीनं खरं तर या माणसाला नोकरीवर ठेवलं.

डोरिस डे टीव्हीवर आली ती स्वतःच्या मर्जीनं नव्हे. लेस ब्राउनच्या बँडसोबतचं तिचं ‘सेंटिमेंटल जर्नी’ 1945 मध्ये, युद्ध संपून सैनिक घरी परतत असताना गाजलं. पुढं ती चित्रपटांची मोठी तारका झाली. एप्रिल 1968 मध्ये तिचा पती आणि व्यवस्थापक मार्टिन मेल्चर वारला. त्यानंतर तिला कळलं की आयुष्यभराची कमाई संपलेली आहे, आणि तिला न विचारता सीबीएस वाहिनीला तिच्या मालिकेचा शब्द देऊन ठेवलेला आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘द डोरिस डे शो’ सुरू झाला आणि 1973 पर्यंत चालला. मालिकेचं कथानक सारखं बदलत राहिलं. आधी ती दोन मुलांना घेऊन शेतमळ्यावर राहणारी विधवा होती, मग तिला सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी लागली, पुढं मुलं काही न सांगता कथेतून नाहीशी झाली आणि ती एकटी राहणारी पत्रकार बनली. इतकी मोडतोड होऊनही प्रेक्षक टिकला तो तिच्यासाठी. पैसे बुडवणाऱ्या वकिलाविरुद्धचा खटला तिनं 1974 मध्ये जिंकला, दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल लागला. मालिका म्हणून ‘द डोरिस डे शो’ सामान्य आहे, पण कर्ज फेडण्यासाठी काम करणारी ही बाई पडद्यावर एकदाही चिडचिडलेली दिसत नाही.

डेला रीसची वाट फार लांबची होती. जन्म 1931 चा, डेट्रॉइटमधला. किशोरवयातच महालिया जॅक्सनच्या गॉस्पेल पथकासोबत तिनं दौरे केले. 1959 च्या ‘डोन्ट यू नो’ या गाण्यानं ती अमेरिकाभर पोचली. त्याची चाल पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेरातून घेतलेली होती. 1969 मध्ये तिला स्वतःचा गप्पा-गाण्यांचा कार्यक्रम मिळाला. कृष्णवर्णीय स्त्रीच्या नावानं असा कार्यक्रम तेव्हा दुर्मीळ होता. तो वर्षभरात बंद पडला. 1979 मध्ये ‘द टुनाइट शो’च्या चित्रीकरणात गाताना मेंदूतली रक्तवाहिनी फुटून ती कोसळली, आणि त्यातून वाचली. खरी प्रसिद्धी मिळाली ती साठी उलटल्यावर. 1994 ते 2003 अशी नऊ वर्षं ‘टच्ड बाय अॅन एंजल’मध्ये ती टेस नावाची ज्येष्ठ देवदूत होती.

ही मालिका भाबडी आहे, दर भागात कुणाचं तरी दुःख देवदूतांच्या हस्तक्षेपानं हलकं होतं. तरीही टेस खोटी वाटत नाही, आणि त्याचं कारण चर्चमध्ये आहे. गॉस्पेल गाणारी बाई समोरच्या मंडळींशी बोलत बोलत गाते, त्यांच्याकडून होकार घेते, मग पुढं सरकते. टेस रागावते तेव्हाही रीस तेच करते. सहकाऱ्याकडून उत्तर येईपर्यंत ती थांबते, आणि तो थांबा भरलेला असतो. आवाजाच्या खालच्या पट्टीत तिनं म्हटलेलं एखादं साधं वाक्य ऐकताना वाटतं की आता गाणं सुरू होणार. शीर्षकगीत तिनंच गायलं होतं. पण बाकीच्या वेळी ते गाणं तिच्या बोलण्यात मुरून गेलेलं आहे.

पॉप, जॅझ, कंट्री अशा सगळ्या प्रांतांतून गायक टीव्हीत गेले. कंट्रीमधली रीबा मॅकएन्टायर 2001 ते 2007 ‘रीबा’ या विनोदी मालिकेत घटस्फोटित आई म्हणून उत्तम शोभली. तिच्या गाण्यांतली पोळलेली पण मोडून न पडलेली बाई तिथं जशीच्या तशी आली. मात्र सर्वांत मोठी फळी आली रॅपमधून, आणि ते ओघानंच झालं. रॅप मुळात बोलण्याला चिकटून असतो. गाणं बाजूला ठेव म्हटलं तर रॅपरचं सगळ्यांत कमी नुकसान होतं. त्याच्याकडे शब्दांवरची पकड असते, श्वासाचा हिशेब असतो, आणि ‘मी’ म्हणून बोलणारं एक ठसठशीत पात्र असतं.

फिलाडेल्फियाचा विल स्मिथ हे पहिलं मोठं उदाहरण. डीजे जॅझी जेफसोबतच्या त्याच्या गाण्याला 1989 मध्ये रॅपसाठीचं पहिलं ग्रॅमी मिळालं. तो पुरस्कार प्रक्षेपणात दाखवणार नव्हते, म्हणून दोघांनी समारंभावर बहिष्कार टाकला होता. पाठोपाठ पैसा उडाला आणि सरकारचा लाखो डॉलरचा कर थकला. बेनी मेडिना हा रेकॉर्ड कंपनीतला अधिकारी लहानपणी बेव्हर्ली हिल्सच्या एका श्रीमंत घरात वाढला होता. त्याच्या आयुष्यावर मालिकेची कल्पना बेतली होती. संगीतकार-निर्माता क्विन्सी जोन्सच्या घरच्या पार्टीत स्मिथनं संहिता वाचून दाखवली आणि सप्टेंबर 1990 मध्ये एनबीसीवर ‘द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर’ सुरू झाली. पहिल्या सीझनमध्ये तो सगळ्यांचे संवाद पाठ करून यायचा; नीट पाहिलं तर समोरचा बोलत असताना याचे ओठ हलताना दिसतात. स्वतःच्या ओळी घोकणाऱ्या रॅपरची ती सवय होती. दुसऱ्याचं ऐकायला तो अजून शिकला नव्हता.

ते त्याला शिकवलं जेम्स एव्हरीनं, काका फिलची भूमिका करणाऱ्या, रंगभूमीवर तयार झालेल्या नटानं. 1994 च्या एका भागात विलचा बाप चौदा वर्षांनी परत येतो आणि पुन्हा सोडून जातो. शेवटी विल काकाच्या गळ्यात पडून रडतो. स्मिथला स्वतःच्या बापानं टाकलं होतं म्हणून हा प्रसंग इतका खरा उतरला, असं इंटरनेटवर पसरवलं जातं. ते खोटं आहे, त्याचे वडील त्याच्या आयुष्यात होते. तो प्रसंग उभा राहिला तो एव्हरीसारख्या नटासमोर कमी पडायचं नाही या धडपडीतून, हे स्मिथनं स्वतः सांगितलेलं आहे. मेहनतीनं कमावलेल्या अभिनयाचं श्रेय जखमेला देऊन टाकायची सवय मला नटावर अन्याय करणारी वाटते.

क्वीन लतिफा, म्हणजे न्यू जर्सीतल्या न्यूआर्कची डेना ओवेन्स, 1989 च्या ‘ऑल हेल द क्वीन’ या अल्बमनं पुढं आली. 1993 ते 1998 या काळात फॉक्स वाहिनीवरच्या ‘लिव्हिंग सिंगल’मध्ये ती एका मासिकाची संपादक-मालक खदीजा जेम्स होती. ब्रुकलिनच्या घरात राहणारे तरुण मित्र-मैत्रिणी, त्यांच्या नोकऱ्या, प्रेमप्रकरणं असा मालिकेचा साचा होता. ‘फ्रेंड्स’ सुरू झाली ती त्यानंतर वर्षभरानं, आणि दोन्हींची निर्मिती वॉर्नर ब्रदर्सची होती. जगानं डोक्यावर घेतलं ते ‘फ्रेंड्स’ला. ‘लिव्हिंग सिंगल’ची लेखिका यव्हेट ली बाउझर हिचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. बायकांना शिवी देणाऱ्यांना गाण्यातून खडसावणारी लतिफा आणि बिल भरायला पैसे नसतानाही मासिक चालवणारी खदीजा ही एकच बाई आहे. फरक इतकाच की खदीजाला हसू येतं.

यामागं बाजाराचं गणितही होतं. फॉक्स 1986 मध्ये आली, डब्ल्यूबी आणि यूपीएन 1995 मध्ये. जुन्या तीन वाहिन्यांशी टक्कर द्यायची तर त्यांनी दुर्लक्षिलेला प्रेक्षक हवा, आणि तो कृष्णवर्णीय कुटुंबांत होता. म्हणून नव्या वाहिन्यांनी रेकॉर्डींवरचे ओळखीचे आवाज उचलले. गायिका ब्रँडीची ‘मोएशा’ 1996 ते 2001 चालली, रॅपर ईव्हची ‘ईव्ह’ 2003 ते 2006. जम बसल्यावर फॉक्सनं तोंड फिरवलं, आणि 2006 मध्ये यूपीएन आणि डब्ल्यूबी एकत्र होऊन नवी वाहिनी निघाली तेव्हा यातल्या कित्येक मालिकांचं घरच गेलं. ज्यांच्या जोरावर उभे राहिले त्यांनाच आधी बाहेर काढलं, हा इतिहास कटू आहे आणि तो तसाच सांगायला हवा.

आता आइस-टी. ट्रेसी मॅरो हे त्याचं खरं नाव. आईवडील लहानपणीच गेले, वाढला लॉस एंजेलिसमध्ये, काही वर्षं लष्करात काढली. 1987 च्या ‘राइम पेज’पासून तो रस्त्यावरच्या गुन्हेगारी जगाचा कथनकार झाला. मार्च 1992 मध्ये त्याच्या ‘बॉडी काउंट’ या मेटल बँडचा अल्बम आला, त्यात ‘कॉप किलर’ हे गाणं होतं. महिन्याभरात रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलिस निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. पोलिस संघटनांनी अल्बममागच्या टाइम वॉर्नर कंपनीवर बहिष्काराची हाक दिली, राष्ट्राध्यक्ष बुश आणि उपाध्यक्ष क्वेल यांनी जाहीर टीका केली, चार्लटन हेस्टननं कंपनीच्या भागधारकांच्या सभेत गाण्याचे शब्द वाचून दाखवले. जुलैच्या अखेरीस आइस-टीनं ते गाणं स्वतःहून मागं घेतलं.

तोच आइस-टी 2000 पासून ‘लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’मध्ये फिन टुटुओला हा पोलिस आहे. मोजक्या भागांसाठी आला आणि राहिला. याकडे बोट दाखवून लोक म्हणतात की बंडखोर विकला गेला. मला ते पटत नाही. ‘न्यू जॅक सिटी’ या चित्रपटात त्यानं पोलिस रंगवला होता 1991 मध्ये, म्हणजे त्या अल्बमच्या एक वर्ष आधी. गाण्यातला सूड घेणारा हे एक पात्र आहे असं तो वादाच्या वेळीच सांगत होता. तारखा त्याच्या बाजूनं साक्ष देतात. फिनच्या बोलण्यात रस्त्याचा संशय शिल्लक आहे. तो चौकीत बसूनही चौकीवर पुरता विश्वास ठेवत नाही, आणि एखाद्या सुशिक्षित सहकाऱ्याच्या लांबलचक स्पष्टीकरणावर चार शब्दांत शिक्का मारतो. हे चार शब्द टाकण्याचं कसब थेट रॅपमधलं.

तरी मर्यादा सांगायलाच हवी. पोलिसी मालिकेचा सांगाडा पोलिसाला नायक ठरवूनच उभा राहतो. 1992 च्या अल्बममधला संताप त्या सांगाड्यात मावत नाही, आणि इतक्या वर्षांत मावलेला नाही. तो संताप आइस-टीनं बँडसाठी राखून ठेवला. ‘बॉडी काउंट’ चालूच राहिला आणि 2021 मध्ये त्याला मेटलचं ग्रॅमी मिळालं. रॅपर एलएल कूल जे याच्या बाबतीत असं काही म्हणता येत नाही. 2009 ते 2023 अशी चौदा पर्वं तो ‘एनसीआयएस: लॉस एंजेलिस’मध्ये होता, पण ‘रेडिओ’ या 1985 च्या अल्बममधला फटाकडा मुलगा त्या भूमिकेला कधी लागलाच नाही.

स्टीव्हन व्हॅन झँटची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडचा हा गिटारवादक. स्वतःचे अल्बम केले, 1985 मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ‘सन सिटी’ हे गाणं उभं केलं, त्यात बॉब डिलन, माइल्स डेव्हिस आणि रन-डीएमसी यांना एकत्र आणलं. 1997 मध्ये ‘रास्कल्स’ या बँडच्या गौरवसमारंभातलं त्याचं भाषण डेव्हिड चेसनं टीव्हीवर पाहिलं आणि त्याला आपल्या ‘द सोप्रानोज’ या मालिकेत बोलावलं. कुणा नटाच्या पोटावर पाय द्यायचा नाही असं व्हॅन झँट म्हणाला, तेव्हा चेसनं त्याच्यासाठी नवी भूमिका लिहिली. माफिया सरदाराचा सल्लागार सिल्व्हिओ दांते 1999 ते 2007 त्यानं केला. त्याआधी अभिनय कधी केलेला नव्हता. पण ‘बॉस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायकाच्या शेजारी उभं राहून, त्याला सांभाळत, कधी खरं सुनावत त्यानं तारुण्य काढलं होतं. सिल्व्हिओचं कामही तेच. त्याची बायको पडद्यावरही त्याची बायको होती.

कंट्री गायक स्टीव्ह अर्लनं आणखी जवळचं दिलं. 1986 च्या ‘गिटार टाउन’नं तो नावारूपाला आला, हेरॉइननं त्याला पोखरलं, 1994 मध्ये तुरुंग पाहिला आणि तिथून तो व्यसनमुक्त झाला. डेव्हिड सायमनच्या ‘द वायर’मध्ये तो वॉलन आहे. बाल्टिमोरमधल्या व्यसनमुक्तीच्या बैठकांना जाणारा, बबल्स या गर्दुल्ल्याला हात देणारा माणूस. त्याचे प्रसंग मोजके आणि छोटे आहेत. दया न दाखवता आधार कसा द्यावा, हे त्यांत दिसतं.

या मंडळींकडे वळायचं तर मी क्रम असा सुचवीन. आधी ‘द वायर’मधला वॉलन पाहा आणि पाचव्या सीझनचं शीर्षकगीत थांबून ऐका, ते अर्लच्याच आवाजात आहे. मग ‘द सोप्रानोज’चा पहिला सीझन. ‘लिव्हिंग सिंगल’चे दोन-चार भाग कुठूनही चालतील. आइस-टीसाठी मात्र मालिकेच्या जोडीला 1992 चा अल्बमही हवा, आणि तो घेताना यादी तपासा, कारण नंतरच्या आवृत्त्यांमधून ‘कॉप किलर’ काढून त्या जागी ‘फ्रीडम ऑफ स्पीच’ नावाचं गाणं घातलेलं आहे.