नादाचा जीर्णोद्धार

मनुष्यानें लिहिलेला शब्द हजारों वर्षें टिकला. परंतु त्याच्या कंठांतून अथवा वाद्यांतून निघालेला नाद १८७७ सालापर्यंत हवेंत उमटून हवेंतच विरून जात असे. त्या वर्षीं अमेरिकेंत थॉमस एडिसन यानें फोनोग्राफ यंत्र सिद्ध केलें आणि एकदां झालेला आवाज पुन्हां ऐकणें शक्य झालें. पुढें एमिल बर्लिनर यानें सपाट तबकडीची योजना केली, व १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्यास येऊन आपल्या देशांतील गायकांचीं गाणीं तबकड्यांवर उतरवूं लागले. तेव्हांपासून जो नाद सांठविला गेला, त्यांपैकीं पुष्कळसा आज नाहींसा होण्याच्या मार्गावर आहे. तो कसा वांचवावा, हा या लेखाचा विषय होय.

कोणी म्हणेल, आतां मोबाइलवर वाटेल तें गाणें क्षणांत ऐकूं येतें. मग जुन्या तबकड्यांची व कॅसेटींची अडगळ हवी कशाला? शंका स्वाभाविक आहे, परंतु तिच्या मुळाशीं एक गैरसमज आहे. जें लोकप्रिय झालें, तें कंपन्यांनीं नव्या साधनांवर आणलें. जें थोडक्या प्रतींत निघालें, ज्याचा खप झाला नाहीं, किंवा ज्याची मूळ फीतच हरवली, त्याची वास्तपुस्त बहुधा कोणीं केली नाहीं. अशा नादाचा सारा आधार म्हणजे कोणाच्या तरी माळ्यावर पडलेली एखादी तबकडी. ती फुटली कीं तो नाद जगांतून गेला.

याचें एक बोलकें उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें आहे. चरणजित सिंग नांवाचे एक वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करीत असत. (या वाद्यवृंदांत गोव्याचे अनेक ख्रिस्ती वादकही असत, चर्चच्या शाळेंत शिकलेली स्वरलिपि हेंच त्यांच्या उपजीविकेचें साधन झालें होतें.) १९८० च्या सुमारास जपानांतील रोलंड कंपनीनें सिंथेसायझर जातीचीं कांहीं नवीं वाद्यें बाजारांत आणलीं. सिंथेसायझर म्हणजे तार, कातडें किंवा फुंकर यांवांचून केवळ विजेच्या आंदोलनांतून स्वर निर्माण करणारें वाद्य. चरणजित सिंगांनीं यांपैकीं तीन यंत्रें मिळविलीं: एक स्वरांचें, एक खर्जाचें व एक तालाचें, आणि १९८२ सालीं भूपाळी, यमन, मालकंस इत्यादि दहा राग नृत्याच्या ठेक्यावर वाजवून त्यांची एक तबकडी तयार केली. ती एच. एम. व्ही. च्या नांवानें निघाली. लोकांस ती रुचली नाहीं. खप फारसा झाला नाहीं. आणि पाहतां पाहतां ती विस्मृतींत गेली.

पुढें २००२ सालीं एडो बाउमन नांवाच्या एका डच संग्राहकास दिल्लीच्या एका दुकानांत तिची प्रत सांपडली. ती ऐकून तो थक्क झाला. कारण खर्जाच्या त्याच यंत्रावर शिकागो शहरांतील तरुणांनीं जें नवें नृत्यसंगीत निर्माण केलें म्हणून जगभर बोलबाला झाला, त्याची पहिली प्रसिद्ध तबकडी १९८७ सालची. आणि ही तर तिच्या पांच वर्षें आधींची! बाउमन यानें मुंबईस येऊन चरणजित सिंगांची गांठ घेतली, व २०१० सालीं ती तबकडी पुन्हां प्रसिद्ध झाली. ज्या वादकास आपल्या देशानें विसरून टाकलें होतें, तो उतारवयांत युरोपच्या रंगमंचांवर तेंच संगीत वाजवूं लागला. २०१५ सालीं तो मुंबईस वारला. परंतु त्याआधीं त्याचें श्रेय त्याच्या पदरीं पडलें होतें. एका धुळकट तबकडीनें एवढें कार्य केलें.

अशीं कामें करणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. १९९० सालीं मुंबईंत जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांचें एक मंडळ स्थापन झालें. श्री. सुरेश चांदवणकर यांनीं त्याचें चिटणीसपद दीर्घकाळ सांभाळलें, आणि मंडळाच्या नियतकालिकांतून जुन्या गायक-गायिकांची व तबकड्यांची माहिती प्रसिद्ध झाली. संग्रह म्हणजे केवळ ढीग नव्हे, हें अशा कार्यावरून समजतें. तबकडीवरील क्रमांक, कंपनीचें नांव, गायकाचें व वादकाचें नांव, वेष्टनावरील मजकूर हें सर्व टिपून ठेविलें म्हणजेच ढिगाचा संग्रह होतो.

आतां हा नाद तबकडींत राहतो तरी कसा, तें पाहूं. आमच्या सातपुरांतील पुष्कळ विद्यार्थ्यांचे पालक कारखान्यांत मायक्रोमीटर हातीं घेऊन काम करतात. त्यांस मायक्रॉन म्हणजे काय हें सांगावयास नको. मिलिमीटराचा हजारावा भाग तो मायक्रॉन. व्हिनाइलच्या मोठ्या तबकडीवरील खांच सुमारें ५० मायक्रॉन रुंद असते, म्हणजे आपल्या डोक्याच्या केंसाहूनही बहुधा बारीकच. ही खांच एकच असून ती बाहेरून आंत चक्राकार जाते. तबकडी मिनिटास सव्वातेहतीस नव्हे, तर बरोबर तेहतीस व एक तृतीयांश फेरे घेते. एक बाजू २२ मिनिटें वाजली, तर फेरे ७३३ होतात. सरासरी फेरा ६५ सेंटिमीटरांचा धरला, तर खांचेची लांबी पावणेपांचशें मीटर भरते! या वाटेच्या दोन्ही भिंतींवर नादाच्या लहरी कोरलेल्या असतात. त्यांवरून सुई जातांना ती थरथरते, त्या थरथरण्याची वीज होते व विजेचा पुन्हां आवाज होतो.

कॅसेटची रीत निराळी. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें ती प्रथम दाखविली. पावणेचार मिलिमीटरांहून किंचित् अधिक रुंद अशा पातळ फितीवर लोहाच्या प्राणिदाचा लेप असतो, आणि नाद चुंबकत्वाच्या रूपानें त्यांत राहतो. ही फीत सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर या वेगानें सरकते. कॅसेट स्वस्त, हलकी व घरच्या घरीं भरतां येणारी, म्हणून ती घरोघर पोंचली. परंतु तिचें आयुष्य नाजूक आहे. पावसाळ्यांतील दमट हवेनें फितीवर बुरशी येते. फितीस डोक्याशीं दाबून धरणारी नमद्याची चकती गळून पडते. गुंडाळ्यांतील एका थराचें चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतें, व गाणें सुरू होण्यापूर्वींच त्याची पुसट छाया ऐकूं येते.

जीर्णोद्धाराचें पहिलें काम म्हणजे शुद्धि. व्हिनाइलची तबकडी शुद्ध केलेल्या पाण्यानें, सौम्य साबणाचे एकदोन थेंब घालून, मऊ कुंचल्यानें खांचेच्या दिशेनेंच धुवावी. मधल्या कागदास पाणी लागूं देऊं नये. येथें एक इशारा अवश्य लक्षांत ठेवावा. आजोबांच्या काळच्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांस मद्यार्क लावूं नये, कारण लाख मद्यार्कांत विरघळते. ज्यास स्वच्छ करावयाचें त्याचाच नाश होतो. कॅसेट असेल तर सैल फीत पेन्सिलीनें हलकेच ताणून घ्यावी, चकती गळली असल्यास फीत जपून दुसऱ्या चांगल्या डबींत घालावी, आणि यंत्राचें डोकें कापसानें पुसून मगच ती वाजवावी.

दुसरें काम म्हणजे योग्य रीतीनें वाजविणें. लाखेच्या तबकडीची खांच रुंद असते, तिला सुमारें ७६ मायक्रॉन त्रिज्येच्या टोंकाची सुई लागते. व्हिनाइलला सुमारें १८ मायक्रॉनांची पुरते. सुया अदलाबदल झाल्या, तर आवाजही बिघडतो व खांचही. कॅसेटींत यंत्राचें डोकें फितीशीं काटकोनांत नसेल, तर उंच स्वर मंदावतात. स्क्रू किंचित् फिरवून तें जुळवून घ्यावें लागतें. हें सारें आधींच करावयाचें, कारण वाजवितांना जें हरपलें तें मागाहून कोणतेंही संगणकयंत्र परत आणूं शकत नाहीं.

तिसरें काम म्हणजे नादाचे अंक करणें. संगणक नादाच्या लहरीची उंची सेकंदांतून हजारों वेळां मोजतो व ते अंक लिहून ठेवितो. सी. डी. वर सेकंदास ४४,१०० मोजण्या असतात, व प्रत्येक मोजणीस ६५,५३६ पायऱ्या. जतनासाठीं मात्र सेकंदास ९६,००० मोजण्या व प्रत्येकीस एक कोटि सदुसष्ट लाखांहून अधिक पायऱ्या घेण्याचा प्रघात आहे. एवढी बारीक मोजणी एका मिनिटास सुमारें ३५ मेगाबाइट जागा घेते. ऑडॅसिटीसारखी विनामूल्य साधनें असल्यामुळें हें काम शाळेच्या संगणकावरही होऊं शकतें.

आतां चौथें व सर्वांत जोखमीचें काम, म्हणजे दोष काढणें. ओरखड्याचा ‘टक्’ असा आवाज लहरींत एखाद्या टोंकदार सुळक्यासारखा दिसतो. संगणक तो काढून टाकतो व मागच्यापुढच्या लहरीवरून मधली जागा भरतो. फितीची सरसर कमी करावयाची, तर गाणें नसलेल्या जागेंतून तिचा नमुना घेऊन ती सर्वत्र उणी करतात. हें वाचावयास सोपें. परंतु विजेच्या वाद्यांच्या संगीतांत मोठीच फसगत होते. तालयंत्राचा ठोका एकदम उसळणारा व तीक्ष्ण असतो. संगणकास तो ओरखडाच वाटतो. त्या यंत्रावरील टाळीचा आवाज तर मुद्दाम सरसरींतूनच घडविलेला असतो. संगणकास तो फितीची घाण वाटतो. म्हणून जो अति उत्साहानें सर्व ‘दोष’ पुसूं जाईल, तो दोषांबरोबर वाद्यही पुसून टाकील, आणि उरलेलें संगीत पाण्याखालून आल्यासारखें बुळबुळीत वाटेल. शेतांतील निंदण काढतांना रोप ओळखतां आलें पाहिजे, तसेंच हें आहे.

वेगाची परीक्षा मात्र एका गमतीच्या युक्तीनें होते. आपल्या देशांतील विजेचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात, आणि तिची बारीक गुणगुण पुष्कळदां ध्वनिमुद्रणांत उतरलेली असते. ती गुणगुण ५० ऐवजीं ५१ आवर्तनांची भरली, तर फीत शंभरांत दोन भागांनीं जलद चालली आहे असें समजावें. ज्यास आपण दोष म्हणून दूर करणार, तोच आधीं साक्षीदार म्हणून उपयोगीं पडतो!

यावरून या विद्येचा नीतिनियम सिद्ध होतो. पहिली अंकित प्रत जशीच्या तशी, कांहींही न पुसतां, दोन निराळ्या ठिकाणीं ठेवावी. सुधारणा करावयाची ती तिच्या नकलेवर करावी, आणि काय काय केलें तें प्रामाणिकपणें लिहून ठेवावें. मूळ तबकडी किंवा कॅसेट टाकून देऊं नये. उद्यां अधिक चांगलीं साधनें निघतील. जीर्णोद्धार करणाऱ्यानें आपली रुचि मृत कलावंताच्या तोंडीं घालूं नये. तसें केल्यास तो जीर्णोद्धार न राहतां बनावट होते. आणखी असें, कीं आपल्या कायद्यानें ध्वनिमुद्रणावरील हक्क तें प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षें टिकतो. जतनासाठीं घरीं प्रत ठेवणें ही एक गोष्ट, आणि परक्याची वस्तु विकणें किंवा सर्वत्र वांटणें ही दुसरी. जुनी म्हणून वस्तु बेवारशी होत नाहीं.

शेवटीं पालकांस दोन शब्द. दुर्मिळ तबकडी सर्वांच्या घरीं नसते. परंतु कॅसेट कोठेंतरी असतेच. कारखान्यांच्या निमित्तानें गांवोगांवचीं कुटुंबें सातपुरांत येऊन राहिलीं. त्यांनीं आणलेल्या डब्यांत आजीच्या जात्यावरच्या ओव्या, लग्नांतील हळदीचीं गाणीं, नाताळांतील भजनें, परगांवीं गेलेल्या मुलानें पत्राऐवजीं बोलून पाठविलेला निरोप, असें कितीतरी असूं शकेल. त्याची दुसरी प्रत कोणत्याही दुकानांत किंवा कंपनींत नाहीं. चरणजित सिंगांच्या तबकडीस एक परदेशी ग्राहक भेटला. या कॅसेटींस तुमच्या मुलांवांचून कोणीही भेटणार नाहीं. येत्या सुटींत त्या बाहेर काढाव्या, वर नांव-वर्ष लिहावें, कोणाचा आवाज कोणता हें वडीलमाणसें आहेत तोंवर विचारून घ्यावें, आणि मुलांकडून त्यांच्या प्रती करवून घ्याव्या.

पांच हजारांस जेवूं घातल्यानंतर प्रभूनें शिष्यांकडून उरलेले तुकडे वेंचून घेतले, व बारा टोपल्या भरल्या, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ज्यास अन्न निर्माण करण्याचें सामर्थ्य होतें, त्यानें तुकडा वायां जाऊं दिला नाहीं. आपणांस तर गेलेला आवाज निर्माण करण्याचें सामर्थ्य मुळींच नाहीं. मग जो उरला आहे तो वेंचून ठेवण्यांत आपण आळस कां करावा?