वाटीतली तर्री आणि रक्तातली

नागपुरात पोह्याच्या ठेल्यावर सकाळी दोन प्रकारची गिऱ्हाईकं भेटतात. एक म्हणतं, "भाऊ, तर्री मारके दे." दुसरं पोटावर हात ठेवून म्हणतं, "तर्री नको बाप्पा, कोलेस्टेरॉल निघालं." ठेलेवाला मग पळीच्या पाठीने वरचा लाल थर बाजूला सारतो आणि खालचा चण्याचा रस्सा पोह्यावर ओततो.

दुसऱ्या गिऱ्हाइकाने कमी तेल मागितलं हे बरंच केलं, पण कारण चुकीचं दिलं. त्या तर्रीत कोलेस्टेरॉल नसतंच. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. सोयाबीन, फल्ली, करडई, जवस यांच्या तेलात ते जवळजवळ शून्य असतं. त्यामुळे डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापणं म्हणजे वांगी 'बिनहाडाची' म्हणून विकण्यासारखं आहे. उष्मांक मात्र सगळ्या तेलांत सारखेच, ग्रॅमला ९. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी दिवसाला साधारण ३८ ग्रॅम तेल पोटात जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारमार्गदर्शिकेत २,००० उष्मांकांच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. आणि या ३८ ग्रॅममध्ये ठेल्यावरची तर्री धरलेलीच नाही.

मग रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल येतं कुठून? त्यातलं बरंचसं शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. ते बनवावंच लागतं, कारण पेशींची आवरणं, पित्त, ड जीवनसत्त्व आणि स्त्री-पुरुषांची संप्रेरकं त्याच्याशिवाय होत नाहीत. म्हणूनच अंड्याच्या बलकात सुमारे दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असूनही बहुतेकांच्या रक्तात त्याने फारसा फरक पडत नाही. जास्त फरक पडतो तो तूप, लोणी, पामतेल आणि मटणाची चरबी यांतल्या संपृक्त मेदाने. त्याच्या अतिरेकाने यकृताच्या पेशींवरची, रक्तातलं कोलेस्टेरॉल खेचून घेणारी 'दारं' कमी होतात. ही दारं शोधल्याबद्दल मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

वाटीत जे होतं तेच रक्तात व्हायला हवं होतं, कारण रक्त म्हणजे बहुतांशी पाणी आणि स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळत नाहीत. तर्री वर तरंगू नये म्हणून शरीर मेदाला प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पाठवतं. एलडीएल, एचडीएल ही त्या पुडक्यांची नावं. 'वाईट कोलेस्टेरॉल' आणि 'चांगलं कोलेस्टेरॉल' हे दोन वेगळे पदार्थ नाहीत. माल एकच, गाड्या वेगळ्या. एलडीएलच्या गाड्या फार झाल्या की धमनीच्या अस्तरात अडकतात. "माझं एचडीएल मस्त आहे, मला काय होणार" या भरवशातही फार दम नाही. एचडीएल झपाट्याने वाढवणारं टॉर्सेट्रॅपिब हे औषध २००६ साली चाचणीतच थांबवावं लागलं, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले.

आता जवसाकडे येऊ, कारण इथे वैदर्भी माणूस हळवा होतो. "आमचं सावजी मटण जवसाच्या तेलातलं, त्यात ओमेगा-३, उलट हृदयाला चांगलं," हे वाक्य मी मटणाच्या ताटासमोर बसलेल्यांकडून कितीदा ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे हा ओमेगा-३ मेद, असतो, इतका रोजच्या वापरातल्या दुसऱ्या तेलात नाही. पण हाच मेद फार नाजूक. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध आहेत आणि हवेतला प्राणवायू तिथेच डसतो. लहानपणी नव्या बॅटला जवसाचं तेल चोळून ती उन्हात ठेवलेली आठवते? दोन दिवसांनी तेल पुसलं जाण्याऐवजी त्याचा कडक, किंचित चिकट पापुद्रा धरायचा. रंग, वार्निश आणि खिडकीच्या काचेची पुट्टी याच गुणावर चालतात. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली नागपुरात उभ्या राहिलेल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एलआयटी) तेलाचं आणि रंगाचं तंत्रज्ञान एकाच आवारात शिकवलं जातं, आणि जवस दोन्हीकडे लागतो.

घाणीचं जवस तेल साधारण १०७ अंशांनाच धूर सोडू लागतं. तळणाच्या कढईत १७० च्या पुढे तापमान असतं. त्या आचेवर ज्याच्या नावाने आपण ताट समोर ओढलं तो ओमेगा-३ बिघडू लागतो. सावजी चवीसाठी खा, मीही खातो. औषध म्हणून खाऊ नका. आज किती भोजनालयांत ते खरंच जवसात होतं, हा प्रश्न वेगळाच.

खरी शहाणी होती ती आजीची जवसाची चटणी. भाजलेला जवस, लसूण, तिखट, मीठ, खलबत्त्यात कुटलेलं, भाकरीबरोबर. कुटणं महत्त्वाचं, कारण अख्खा जवस बहुतेक न पचताच बाहेर पडतो. तरी एक लक्षात असू द्या: मासोळीत मिळणारी ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं जवसापासून शरीराला फारच थोडी बनवता येतात.

डालड्याबद्दल थोडक्यात. १९३७ साली आलेलं हे वनस्पती तूप 'वनस्पती' म्हणून निर्धोक वाटलं, पण ते थिजवताना त्यात ट्रान्स मेद तयार होत असे आणि तो सगळ्यांत घातक. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात त्याची मर्यादा २ टक्के आहे. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवलं जातं तिथे इतर घातक घटक साचतात, म्हणून काळं पडलेलं तेल दिसलं की ठेला बदला.

"मी काडीपैलवान, मला कसलं कोलेस्टेरॉल?" हाही मोठा भ्रम. साधारण अडीचशे माणसांत एकाला जन्मतःच वाढलेलं एलडीएल वारशाने मिळतं. त्याचं वजनाशी काही नातं नाही. आपल्याकडे वाढलेल्या एलडीएलपेक्षा वाढलेलं ट्रायग्लिसराइड (रक्तातला दुसरा मेद) आणि कमी एचडीएल जास्त वेळा आढळतं. हे ट्रायग्लिसराइड नुसत्या तेलाने वाढत नाही. साखर, मैदा आणि दारू त्याला जास्त चढवतात. म्हणजे तर्री टाळून संत्रा बर्फीचे चार तुकडे खाणाऱ्याने फार काही वाचवलेलं नसतं. ट्रायग्लिसराइड हजारावर गेलं की लॅबच्या नळीतला रक्ताचा पिवळसर द्रव दुधासारखा पांढरा दिसतो, आणि तेव्हा स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

तपासणीला आता दरवेळी उपाशी राहावं लागत नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल तरच डॉक्टर उपाशीपोटी सांगतात. भारतीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या शिफारशींनुसार पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी आणि लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखीच आणखी एक गाडी) आयुष्यात एकदा तरी मोजावं. रिपोर्ट सुधारला म्हणून कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी आपल्या मनाने सोडू नका. तो त्या गोळीमुळेच सुधारलेला असतो.

आणि घरात कडवट वास मारणारी जुनी जवस तेलाची बाटली असेल तर ती चटणीवर ओतू नका. पोराच्या बॅटला लावा.