पंचनाम्यात न आलेली माती

१६ जुलै २०२२ रोजी, नागपूर परिसरात पावसाची झड लागलेली असताना, कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. पाण्यात कालवलेली राख शिवारात आणि घरांत शिरली, कोलार नदीतून पुढे कन्हानमध्ये गेली. पाणी ओसरल्यावर मागे राखाडी, गुळगुळीत थर उरला. असा थर वाळला की फुफाटा होतो, भिजला की रेंदा.

पुरानंतर पंचनामा होतो. पीक किती गेलं, घर किती पडलं, हे लिहिलं जातं. शेतातला गाळ तीन इंचांहून जाड असेल तर तो काढायला सरकारी मदतही मिळते. त्या गाळात काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

कोळशातला कार्बन जळून जातो. आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, कॅडमियम राखेत एकवटतात. धातू कुजत नाहीत की विरत नाहीत. काळ्या मातीचे चिकण कण त्यांना धरून ठेवतात, त्यामुळे नदीच्या पाण्याचा नमुना चांगला आला म्हणून जमीन निर्धोक ठरत नाही. धानाच्या बांधीत पाणी तुंबून मातीतला प्राणवायू संपला की धरलेलं आर्सेनिक सुटतं आणि मुळांवाटे दाण्यापर्यंत पोचतं. कॅडमियम पालकात सहज चढतं, आणि पान हिरवंगारच दिसतं.

खाणीचा गाळ याहून वाईट. २५ एप्रिल १९९८ला स्पेनमध्ये अझ्नालकोयार खाणीचा बांध फुटला आणि ग्वादियामार नदीच्या खोऱ्यातली सुमारे साडेचार हजार हेक्टर जमीन गाळाखाली गेली. त्यातली गंधकयुक्त खनिजं हवेत उघडी पडली की आम्ल तयार होतं आणि ते धातू मोकळे करतं. तिथे गाळाबरोबर वरची मातीही खरवडली, चुना मिसळला, शेती बंद करून जमीन सरकारने ताब्यात घेतली. तरी काही तुकडे वर्षानुवर्षं उजाड राहिले.

 राखेचा प्रश्न फक्त नागपूरचा नाही. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीत गळक्या नळांतून वर्षानुवर्षं राख साचत गेली. मच्छीमारांना हरित लवादाकडे जावं लागलं.

आपल्या जमीन आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासतात. जस्त, तांबं त्यात आहे, पण पिकाचं पोषण म्हणून. आर्सेनिक, शिसं, कॅडमियम नाहीच. राखेखाली गेलेल्या शिवारात निदान हे तीन धातू, वरच्या आणि खालच्या थरांत वेगवेगळे तपासावेत, खर्च बंधाऱ्याच्या मालकाने उचलावा आणि अहवाल रब्बीच्या पेरणीआधी शेतकऱ्याच्या हातात द्यावा.