परसातल्या हौदात सोनमासे : निगा आणि पैदास



बाजारात ज्याला गोल्डफिश म्हणतात तो सोनमासा रोहू, कटला, मृगळ यांच्याच कुळातला. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये तळ्यातल्या करड्या माशांत अधूनमधून तांबूस-पिवळे मासे निघत. लोकांनी ते निवडून वेगळे वाढवले. आपण ज्वारीचं भरलेलं कणीस बियाण्याला राखतो, तसंच हे. पुढे त्यातूनच आजच्या साऱ्या जाती आल्या.

हौदासाठी लांबट अंगाचा, एकेरी शेपटीचा साधा सोनमासा घ्यावा. तो काटक असतो. फुगीर पोटाच्या, दुहेरी शेपटीच्या जाती दिसायला सुंदर, पण नाजूक. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

हौद कसा असावा?

८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि अडीच फूट खोल हौद पुरतो. त्यात सव्वादोन फूट पाणी ठेवलं की ९० घनफूट, म्हणजे जवळजवळ अडीच हजार लिटर पाणी झालं. उथळ पाणी उन्हाळ्यात लवकर तापतं, म्हणून खोली कमी करू नये. सकाळचं ऊन यावं, दुपारी सावली असावी. मात्र ज्या झाडाचा पाला सारखा गळतो त्याच्याखाली हौद नको. पाला कुजून पाणी बिघडतं.

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. म्हणून हौद भरा, त्यात केळीच्या खांबाचे तुकडे टाका, चार-पाच दिवसांनी पाणी सोडून द्या. असं तीन-चार वेळा करून हौद घासून धुवावा. मग आधी दोनच मासे सोडून दोन दिवस पाहावे. ते ठीक राहिले तर बाकीचे सोडा.

हौदावर जाळी हवीच. खंड्या, बगळा, मांजर आणि दिवड यांना मासे लगेच दिसतात. शिवाय घरात लहान मूल असेल तर जाळी मजबूत, चौकटीवर ठोकलेली असावी. अडीच फूट पाणीही मुलाला धोक्याचं असतं.

पाणी सांभाळा, मासा सांभाळला जाईल

मासा उपासाने क्वचित मरतो. बहुधा तो बिघडलेल्या पाण्याने मरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उघड्यावर दोन दिवस मुरू द्यावं. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, ते झारीने उंचावरून सोडावं. आठवड्याला हौदातलं पाचव्या हिश्शाचं पाणी बदला. सगळं पाणी एकदम कधीही बदलू नका. काढलेलं पाणी अळू-कोथिंबिरीच्या वाफ्याला द्या. त्यात माशांच्या मलमूत्रातलं नत्र असतं, ते पिकाला खत होतं. हौदात साठलं तर माशांना मात्र विष होतं.

मोठ्या एका माशामागे १०० लिटर पाणी धरावं. या हिशेबाने आपल्या हौदात जास्तीत जास्त २५ मासे. सुरुवात १०-१२ माशांनी करा. आता तुम्ही म्हणाल, हौद तर रिकामाच दिसतोय! पण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. २० अंशाला एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा, झारीने पाणी शिंपा आणि थोडं ताजं पाणी सोडा.

खाद्य

शेंगदाणा पेंड आणि भाताचा बारीक कोंडा समभाग घेऊन, जमल्यास थोडी सुक्या माशांची पूड मिसळून गोळ्या कराव्या. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटांत संपेल एवढंच द्यावं. सोनमाशाला जठर नसतं. एकदम भरपूर घातलेलं त्याला पचत नाही, आणि उरलेलं कुजतं. बुरशी आलेली पेंड अजिबात वापरू नका. हौदात डासांच्या अळ्या झाल्या तर त्या मासे खातातच, पण घराभोवतीचे डबे आणि टायर तुम्हालाच रिकामे करावे लागतील.

पैदास

थंडी सरता सरता पाणी उबदार होऊ लागतं, तेव्हा पैदास करावी. वर्षाच्या वरचे निरोगी मासे निवडा. विणीच्या काळात नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके येतात. तो रोग नव्हे, बरं का! ठिपके अंगभर असतील तर मात्र रोग समजावा. मादीचं पोट मऊ आणि फुगीर दिसतं.

नर-मादी दोन आठवडे वेगळे ठेवून चांगलं खाऊ घाला. चिरलेली गांडुळं उत्तम. मग फूट-दीड फूट पाण्याच्या वेगळ्या टाकीत संध्याकाळी एका मादीमागे दोन नर सोडा. टाकीत उकळून धुतलेल्या काथ्याचे झुपके टांगा. बहुधा पहाटे नर मादीचा पाठलाग करतात आणि चिकट, मोहरीएवढी अंडी काथ्याला चिकटतात. विणणं संपताच मोठे मासे बाहेर काढा, नाही तर आपलीच अंडी ते खाऊन टाकतात.

पांढरी पडलेली अंडी मेलेली समजून काढावी. चांगली अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात. पिल्लं पहिले दोन दिवस चिकटून असतात, तेव्हा खाद्य देऊ नये. पोहू लागली की उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक पातळ कापडातून गाळून द्यावा. जास्त झाला तर पाणी नासतं. आठवड्याने पाण्यातले बारीक किडे, म्हणजे डॅफ्निया किंवा मोइना, द्यावे. चतुराच्या अळ्या पिल्लं फस्त करतात, म्हणून टाकी पातळ कापडाने झाका.

पिल्लं आधी करड्या रंगाची असतात. साधारण दोन-तीन महिन्यांनंतर रंग पालटू लागतो. काहींचा कधीच पालटत नाही. एका मादीपासून शेकडो पिल्लं निघतात. तेवढी तुमच्या हौदात मावणार नाहीत, तेव्हा गिऱ्हाईक आधी पाहा आणि पैदास मग करा. तालुक्याच्या गावी शोभेच्या माशांचं दुकान असेल तर तिथे चौकशी करावी.

या दोन गोष्टी विसरू नका

एक : जास्तीचे मासे दया म्हणूनसुद्धा ओढ्यात, नदीत किंवा गावतळ्यात सोडू नका. सोनमासा चिखल उकरून पाणी गढूळ करतो, इतर माशांची अंडी खातो, रोग पसरवतो. आपल्या तळ्यातल्या सायप्रिनस माशाशी त्याचा संकरही होतो. एकदा तळ्यात पसरला की वेचून काढता येत नाही. आपली मळी, खवली, कोळशी ही गरिबाच्या ताटातली मासळी आहे. पावसाळ्यात हौद भरून वाहतो, म्हणून सांडव्याच्या नळीला बारीक जाळी बसवा.

दोन : फवारणीचा पंप हौदाजवळ धुऊ नका. सायपरमेथ्रिनसारखी औषधं आणि मोरचूद माशांना फार थोड्या प्रमाणातही मारक ठरतात. वारा हौदाकडे असेल तर फवारणी थांबवा किंवा हौद झाका. औषधाचे हात साबणाने धुतल्याशिवाय खाद्य घालू नका.

नवे मासे आणले तर तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. एखादा सुस्त दिसला तर त्यालाही वेगळं काढून लिटरला ३ ग्रॅम साधं मीठ घातलेल्या पाण्यात चार-पाच दिवस ठेवावं.

जास्त माहिती हवी असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभेच्या माशांचाही समावेश करण्यात आला. सध्या काय मदत मिळते ते तिथेच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत कर्ज काढू नका. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे आणि मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे.

आणखी काही शंका असतील तर पत्राने कळवा. हौदाची लांबी-रुंदी, पाणी कुठलं आणि मासे किती, एवढं पत्रात जरूर लिहा, म्हणजे कार्यक्रमातून नेमकं उत्तर देता येईल.