रेंजर, कंट्री आणि राखणदार : डेन्ट्रीच्या वर्षावनातील दोन शब्दांचा अनुवाद

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, ईशान्य किनाऱ्यालगत डेन्ट्रीचे वर्षावन पसरले आहे. या मुलखाचे मूळ धनी पूर्व कुकू यलंजी. १९८८ मध्ये युनेस्कोने या पट्ट्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो निसर्गमूल्यांसाठी. तेथील आदिवासींच्या सांस्कृतिक मूल्यांची राष्ट्रीय वारसायादीत नोंद होण्यास २०१२ साल उजाडले. मधल्या चोवीस वर्षांत निर्मनुष्य अरण्याची युरोपीय कल्पना किती चिवट होती, हे दिसून येते. २००७ मध्ये न्यायालयाने यलंजींचा भूमिहक्क मान्य केला. २९ सप्टेंबर २०२१ रोजी चार राष्ट्रीय उद्यानांसह १,६०,००० हून अधिक हेक्टर जमीन त्यांच्या मालकीची झाली आणि उद्यानांचा कारभार राज्य शासनासह संयुक्तपणे चालू लागला.

या मुलखाची रोजची निगा राखणाऱ्या यलंजींना ‘रेंजर’ म्हणतात, आणि मराठी अभ्यासक इथेच अडखळतो. आपल्याकडे रेंजरसाहेब म्हणजे वनखात्याचा अंमलदार. पाड्यावर त्याचा धाक. तेथे गणवेश काहीसा तसाच, परंतु तो घालणारे अनेक जण ज्यांना जंगलातून उठवून मिशनच्या वस्त्यांत नेले गेले त्यांचे वंशज आहेत. रानडुकरांचा उपद्रव रोखणे, परकीय तण काढणे, वाटा राखणे, वर्षावनाच्या कडेच्या खुल्या रानात कोरड्या दिवसांत लहान जाळ करणे ही त्यांची कामे. काळही त्यांच्याच भाषेत मोजला जातो: ‘बुलुरीजी’ म्हणजे थंडीचे दिवस, ‘वुंगारीजी’ उन्हाचे, ‘जर्रामाली’ वादळांचे. मृग-आर्द्रा-हस्त अशा नक्षत्रांनी पाऊस ओळखणाऱ्याला ही नावे परकी वाटू नयेत.

त्यांच्यासोबत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला वा सरकारी कर्मचाऱ्याला आधी शिकावे लागते ते मर्यादा पाळणे. मॉसमन गॉर्ज येथे यलंजी वाटाड्यासोबत रानवाटेवर निघण्याआधी पाहुण्यालाही धुरातून जावे लागते. काही स्थळी जायचे नसते. काही कथा विचारायच्या नसतात. मौखिक वाङ्मय ‘गोळा’ करण्याची सवय लागलेल्या आपल्या विद्याशाखेला हे पचणे अवघड. कथा कोणी, कोणाला, कोठे सांगावी हा नियम कथेचाच भाग असेल, तर संग्राहकाच्या वहीतील कथा अपुरी संहिता ठरते.

नावांचीही संहिता आहे. जहाज प्रवाळात अडकले म्हणून १७७० मध्ये कुकने ज्या भूशिराला संकटाचे नाव दिले, ते यलंजींचे ‘कुल्की’. ‘ब्लॅक माउंटन’ उद्यानाचे नाव आता ‘कल्काजाका’ आहे. त्यात ‘कल्का’ म्हणजे भाला.

उरतो तो ‘कंट्री’. ऑस्ट्रेलियातील आदिवासी इंग्रजीत या शब्दाला उपपद लागत नाही; तो आप्ताच्या नावासारखा उच्चारला जातो. यलंजीत ‘बुबु’ म्हणजे माती, जमीन, मुलूखही. मराठीत ‘देश’ फार मोठा, ‘शिवार’ फार लहान. हक्क आणि सेवा एकत्र बांधणारा ‘वतन’ जवळचा वाटतो खरा. पण वतन राजा देई आणि ते विकलेही जाई. यलंजींचा भूमिहक्क कोणी बहाल केलेला नाही, न्यायालयाने तो केवळ ओळखला. आणि तो बाजारात विकता येत नाही. तेव्हा ‘बुबु’ तसाच ठेवावा हे उत्तम.

‘रेंजर’साठी मात्र कोकण-गोव्याचा ‘राखणदार’ विचारात घेण्याजोगा आहे. तो गावसीमेचा अदृश्य रक्षक. कामाआधी त्याला गाऱ्हाणे घातले जाते. यलंजी रेंजर हाडामांसाचा, पगारी माणूस आहे, आणि त्याच्या मुलखाचे अदृश्य रक्षक वेगळेच आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळानंतरच्या पुरात वुजल वुजल ही यलंजी वस्ती रिकामी करावी लागली, लोकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. कोकणातला राखणदार सीमा सोडून जात नाही. या राखणदारांना जावे लागले.