कृमिनाशके
कृमिनाशके : आतड्यात किंवा शरीरातील इतर ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांत) राहणाऱ्या परजीवी कृमींना मारणाऱ्या अथवा शरीराबाहेर घालविणाऱ्या औषधांना कृमिनाशके म्हणतात. कृमी हा स्नायू व तंत्रिका असलेला प्राणी असून त्याच्या पुष्कळशा जीवरासायनिक क्रिया माणसासारख्याच चालतात. त्यामुळे पोषकाला (ज्याच्या शरीरात कृमी राहतो त्याला) अपाय न होता कृमीवरच आघात होईल असे मर्मस्थान शोधणे, ही या औषधांतील मुख्य अडचण होय.

वावडिंग, पळसाचे बी, कपिला इ. द्रव्ये आयुर्वेदात कृमिघ्न म्हणून सांगितली आहेत. पुण्याच्या पेठांतील काष्ठौषधींच्या दुकानांत वावडिंग आजही मिळते व तान्ह्या मुलास त्याचे पाणी देण्याची चाल पुष्कळ घरांत टिकून आहे. किरमाणी ओव्यापासून काढलेले सँटोनीन पूर्वी जंतांवर सर्रास वापरीत. त्याने जंत मरत नसे, नुसता गुंगत असे; म्हणून रेचक देऊन तो बाहेर काढावा लागे. रोग्याला काही काळ सर्व वस्तू पिवळ्या दिसत. या विषारीपणामुळे ते मागे पडले, परंतु त्यामागील तत्त्व मात्र टिकले. जंत आतड्याला चिकटलेला नसतो. अन्न पुढे ढकलणाऱ्या आकुंचनांविरुद्ध सतत हालचाल करून तो आपली जागा राखतो. स्नायू निकामी होताच तो मळाबरोबर वाहून जातो. पायपरेझिनाने त्याचे स्नायू शिथिल पडतात, तर पायरँटेलाने ते आखडून ताठ होतात. या क्रिया परस्परविरोधी असल्याने ही दोन औषधे एकत्र देत नाहीत.

आल्बेंडाझोलाची क्रिया निराळी व संथ आहे. कृमीच्या पेशींतील ट्यूब्युलीन या प्रथिनाशी ते जखडले जाते, त्यामुळे पेशींतील सूक्ष्म नलिका बनत नाहीत, ग्लुकोजाचे शोषण थांबते आणि साठविलेले ग्लायकोजेन संपून कृमी काही दिवसांत उपासमारीने मरतो. मळात जंत दिसला नाही म्हणून औषध लागू पडले नाही, असे आईबाप समजतात. ते बरोबर नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनी (१० फेब्रुवारी; २०१५ पासून) शाळा व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना हेच औषध देतात. मात्रा ४०० मिग्रॅ., दोन वर्षांखालील मुलांस निम्मी. जमिनीत पडलेल्या अंड्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नसल्याने ते ठरावीक काळाने पुन्हा द्यावे लागते.

पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल गुणकारी आहे. त्याने कॅल्शियम पेशींत शिरून कृमी आखडतो व त्याचे बाह्य आवरण फाटते. मात्र डुकरातील पट्टकृमीच्या अळ्या माणसाच्या मेंदूत असतील, तर औषधाने त्या मरताना भोवती शोथ (दाहयुक्त सूज) होऊन झटके येऊ शकतात. म्हणून अशा रोग्यास स्टेरॉइडे बरोबर देतात आणि मेंदूत आधीच बरीच सूज असल्यास कृमिनाशक देतच नाहीत. कृमी कोठे मरतो यालाही तो मरण्याइतकेच महत्त्व आहे.

विदर्भातील हत्तीपाय रोगावर डायएथिलकार्बामाझीन दीर्घकाळ वापरात आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली ते १९४७ च्या सुमारास अमेरिकेत पुढे आले. परीक्षानळीत ते रक्तातील अळ्यांवर फारसे चालत नाही. शरीरात मात्र पोषकाच्या प्रतिकारशक्तीच्या साहाय्याने अळ्या झपाट्याने नष्ट होतात. आयव्हरमेक्टीन कृमीच्या तंत्रिका व स्नायूंतील ज्या क्लोराइड-मार्गांवर क्रिया करते ते सस्तन प्राण्यांत नसतात. याच्या शोधाबद्दल कॅम्बेल व ओमुरा यांना २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. ही दोन्ही व आल्बेंडाझोल एकत्र देण्याची सामुदायिक मोहीम २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात राबविण्यात आली. जुनाट सुजलेला पाय मात्र या औषधांनी पूर्ववत होत नाही.

पूर्वी महाराष्ट्रातही आढळणाऱ्या नारूवर गुणकारी औषध सापडलेच नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे व पाणी फडक्याने गाळणे या उपायांनीच तो हटला. देशातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात आढळला.