आत्याच्या लग्नातल्या अक्षता आणि नवा एन्कोडर

या दिवाळीत लश्करातल्या आमच्या घरी चार रात्री माझा लॅपटॉप बंद झाला नाही. त्याच्या पंख्याचा आवाज ऐकून बाबा दोनदा उठून बघून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलंच, "अरे, रात्रभर ह्यात शिजतंय तरी काय?"

"आत्याच्या लग्नातली दहा सेकंदं," मी म्हणालो.

"दहा सेकंदांना रात्रभर?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढ्या वेळात अख्खं लग्न लागून वरातसुद्धा निघाली असती."

मंडळी, मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीई इथेच ग्वाल्हेरला केलं, नोकरी बाहेर. कामाचा संबंध व्हिडिओशी येतो. त्यामुळे एव्ही-२ नावाच्या नव्या पद्धतीच्या एन्कोडरची कच्ची आवृत्ती सगळ्यांसाठी खुली आहे हे कळल्यापासून हात शिवशिवत होते. आणि प्रयोगासाठी सामान घरातच होतं: धाकट्या आत्याच्या लग्नाची, २००३ सालची कॅसेट. काकांनी दुबईहून आणलेल्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर ती काढली होती. आजी-आजोबा दोघंही आता नाहीत. ते दोघं एकत्र दिसतात असं आमच्याकडे हे एवढंच चित्रण आहे.

एवढं लहान करायचंच कशाला?

आधी थोडा हिशोब. त्या कॅमेऱ्याचं एक चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एका चित्राला साधारण साडेबारा लाख बाइट. अशी सेकंदाला २५ चित्रं. तासाभराचं लग्न काहीच न दाबता ठेवायचं म्हटलं तर ११० जीबीच्या वर जागा लागेल. मिनी-डीव्ही कॅमेरा स्वतःच ते दाबून तासाला साधारण १३ जीबीवर आणतो. तीही फाइल फोनवरून कोणाला पाठवता येत नाही.

एन्कोडरचं काम म्हणजे हेच दाबणं. तो दोन गोष्टी करतो. पहिली, जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहितो. कार्यालयाची भिंत दहा मिनिटं तीच असते, मग ती दर चित्रात कशाला लिहायची? "मागच्या चित्रातला हा चौकोन उचल आणि दोन ठिपके डावीकडे ठेव" एवढं लिहिलं तरी पुरतं. दुसरी, जे डोळ्याला फारसं कळत नाही ते टाकून देतो. त्यासाठी चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातले सावकाश बदलणारे आणि भरभर बदलणारे भाग वेगळे करतात आणि बारीकसारीक भागांवर कात्री चालवतात.

ही दुसरी युक्ती एका भारतीयाची आहे, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. बंगळुरूत जन्मलेले आणि तिथेच इंजिनिअरिंग शिकलेले नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत तिच्या अभ्यासासाठी अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. त्यांनी काम चालूच ठेवलं आणि १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर ते प्रसिद्ध केलं. आज तुमच्या फोनमधला जेपीजी फोटो आणि बहुतेक सगळे व्हिडिओ त्याच गणितावर किंवा त्याच्या भावंडांवर उभे आहेत.

नवा एन्कोडर म्हणजे नवं काय?

आत्याचं लग्न झालं त्याच वर्षी, २००३ मध्ये, एच.२६४ ही पद्धत ठरली. आजही कुठलाही टीव्ही, कुठलाही जुना फोन तिच्यातली फाइल बिनतक्रार चालवतो. २०१३ मध्ये एचईव्हीसी आली. ती जास्त दाबते, पण तिच्या पेटंटच्या परवान्यांचा गुंता फार झाला. म्हणून २०१५ मध्ये गूगल, नेटफ्लिक्स, अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, इंटेल आणि सिस्को यांनी मिळून 'अलायन्स फॉर ओपन मीडिया' स्थापन केली. २०१८ मध्ये त्यांची एव्ही-१ आली. परवान्याचे पैसे न मागणारी ही पद्धत आज यूट्यूबवर तुम्ही नकळत रोज बघता. तिचीच धाकटी बहीण एव्ही-२. सप्टेंबर २०२५ मध्ये अलायन्सने ती वर्षअखेरपर्यंत येईल असं जाहीर केलं.

एन्कोडर नवा झाला की तो जास्त हुशार होतो, म्हणजे जास्त पर्याय तपासून बघतो. एच.२६४ मध्ये चित्राचे चौकोन १६ ठिपक्यांचे असत, एव्ही-१ मध्ये ते १२८ पर्यंत गेले. भिंतीसारखा सपाट भाग एका मोठ्या चौकोनात उरकायचा आणि चेहऱ्यासारख्या भागाचे बारीक तुकडे करायचे. कुठे मोठा, कुठे बारीक, हे ठरवायला हजारो शक्यता चाचपाव्या लागतात. कच्च्या आवृत्तीत वेगाचा विचार केलेलाच नसतो. आधी गणित बरोबर ठरू दे, पळायला नंतर शिकू, असा तो मामला. म्हणून दहा सेकंदांना अख्खी रात्र.

मंगलाष्टकांची दहा सेकंदं

मी मुद्दाम अवघड तुकडा निवडला: शेवटचं मंगलाष्टक संपतं आणि अक्षता पडतात तो. एन्कोडरला अक्षतांइतकं काही छळत नाही. शेकडो दाणे, प्रत्येकाची वाट वेगळी. "मागच्या चित्रातून उचल" ही युक्ती तिथे चालत नाही, कारण मागच्या चित्रात तो दाणा तिथे नव्हताच.

जुन्या कॅमेऱ्याची आणखी एक गंमत असते. तो एका वेळी चित्राच्या एकाआड एक ओळी टिपतो. त्या तशाच दाखवल्या तर हलत्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. म्हणून आधी त्या ओळी भरून सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं करून घेतली. दहा सेकंदांची झाली पाचशे.

मग त्याच तुकड्याच्या तीन फाइली केल्या, साधारण एकाच आकाराच्या, बऱ्याच घट्ट दाबलेल्या: एक एच.२६४, एक एव्ही-१, एक कच्चं एव्ही-२. मूळ चित्राशी ताडून गुण देणारं गणित असतं, त्यात एव्ही-२ पहिलं आलं. एव्ही-१ त्याच्या मागे आणि एच.२६४ बरंच खाली. इथवर पुस्तकात लिहिल्यासारखं झालं.

पण परीक्षक घरातच बसले होते. लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि कुठली कुठली फाइल आहे ते न सांगता आई-बाबांना दाखवल्या.

पहिली लागली. अक्षता पडायला लागल्या आणि सगळ्या मांडवाचे चौकोनी तुकडे झाले. दोघांनीही नापास केलं. दुसरी बाबांना आवडली. "स्वच्छ आहे," म्हणाले. आई मात्र पुढे सरकून बसली. "स्वच्छ कसली? वन्संच्या शालूचा काठ पुसून टाकलाय ह्यात."

आईचं बरोबर होतं. एव्ही-१ मध्ये चित्रातली रवाळ खर आधी काढून टाकायची आणि बघताना तशीच दिसणारी नवी खर वरून भुरभुरायची अशी सोय आहे. मी ती चालू ठेवली होती. एन्कोडरने जरीची बारीक वीणही खर समजून झाडून टाकली होती.

तिसरीत काठ होता, आत्याचा चेहरा होता, पुढच्या अक्षता सुट्या दिसत होत्या. मी खूश झालो, तेवढ्यात आई म्हणाली, "मागे खांबाशी कोण आहे रे? आई ना?"

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नवरीची आई मंगलाष्टकांच्या वेळी पुढे येत नाही. म्हणून आजी मागे खांबाशी उभी होती. तिसऱ्या फाइलीत तिथे एक हिरवी आकृती होती आणि चेहऱ्याच्या जागी गव्हाळ डाग. मी मूळ फाइल लावली. खांबाशी आजी आहे, पुढे अक्षता पडतायत आणि ती पदराने डोळे पुसतेय.

गुण देणाऱ्या गणिताला ह्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. एवढ्या मोठ्या चित्रात आजीचा चेहरा जेमतेम वीस-पंचवीस ठिपक्यांचा. गणिताच्या लेखी तो खांबाइतकाच महत्त्वाचा. एन्कोडर कितीही हुशार होवो, काय विसरलेलं चालेल हे तो ठिपक्यांवरून ठरवतो. त्या खांबाशी कोण उभं आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

"मग आता कॅसेट टाकून देऊ?"

बाबांनी सरळ प्रश्न विचारला. कपाटात जागा नाही, हार्ड डिस्क भरलेली, आणि "कंप्यूटरमध्ये तर आलंच आहे". मी म्हणालो, "बाबा, तुमच्या लग्नाचं काय झालं, आठवतं ना?"

आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट होती. व्हीसीडीचा जमाना आला तेव्हा आम्ही तिची व्हीसीडी करून घेतली आणि कॅसेट भंगारात दिली. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे आत्याच्या कॅसेटच्या चौथ्या हिश्शाएवढं. तेही त्या काळच्या एन्कोडरने कसंबसं दाबलेलं. त्यातल्या अक्षता म्हणजे पिवळे चौकोन, आणि दोन्हीकडची आजोबा मंडळी फेट्याच्या रंगावरून ओळखायची. तेव्हा आम्हाला ती चकती म्हणजे पुढचं पाऊल वाटलं होतं. आता कितीही चांगला एन्कोडर आला तरी जे फेकलं ते परत येणार नाही.

कच्च्या आवृत्तीचा धोका तर आणखी वेगळा. मी पहिल्या रात्री केलेली फाइल, एन्कोडरची पुढची आवृत्ती घेतल्यावर उघडलीच नाही. नियमच अजून बदलत होते. हा दोष नाही, कच्चेपणाचा अर्थच तो. पण ह्या भरवशावर कोणी मूळ फाइल पुसली असती तर?

तेव्हा आमच्या घरात आता असं ठरलंय. कॅसेटवरून जशीच्या तशी उतरवलेली १३ जीबीची फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर, एक ग्वाल्हेरला आणि एक माझ्याकडे. बघायला आणि पाठवायला एच.२६४ ची प्रत, फार न दाबलेली, कारण ती सगळीकडे चालते. आणि नवे एन्कोडर फक्त प्रयोगासाठी. ते पिकले, टीव्ही-फोनांत आले की त्याच मूळ फाइलीवरून नवी प्रत काढू. मूळ असेल तर दर दहा वर्षांनी प्रत सुधारते. मूळ नसेल तर जुन्या प्रतीची प्रत काढत बसायचं, आणि ती दर वेळी बिघडते.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत अशा कॅसेटी असतील: मुंजी, लग्नं, गणपतीतले कार्यक्रम. मिनी-डीव्ही चालवणारे कॅमेरे आता बाजारात नवे मिळत नाहीत आणि फीतही वर्षागणिक कमजोर होते. चालू स्थितीतला कॅमेरा कोणाकडे असेल तर नातेवाइकांत विचारा आणि ह्याच वर्षी उतरवून घ्या. उतरवताना "छोटी फाइल करून द्या" म्हणू नका.

जाता जाता एक. भाऊबीजेला ती नवी प्रत आत्याला पाठवली. इतकी वर्षं तिच्याकडे कोणीतरी फोनवरून पाठवलेली, दहा ठिकाणी फिरून आलेली प्रत होती. संध्याकाळी तिचा फोन आला. आधी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी अंतरपाटामागे मान खाली घालून उभी होते रे. आई रडली होती, हे मला आज कळलं."